दुरून घर मोजताना : भाड्याच्या फ्लॅटच्या शोधाच्या ५० दिवसांच्या नोंदी

नव्या नोकरीवर ६ एप्रिलला हजर व्हायचं आहे. ते शहर रेल्वेने २६ तासांवर, आणि तिथे आमच्या ओळखीचं कुणीच नाही. राहणार आम्ही दोघी, मी आणि आई. आईचे गुडघे गेलेत. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, कठडा धरून ती जिना चढते. माझ्यासारखंच दुसऱ्या गावात बसून घर शोधणाऱ्यांसाठी या नोंदी ठेवते आहे. भाड्याचे आकडे शहरागणिक बदलतात, ते देऊन कुणाला उपयोग नाही. म्हणून सगळे खर्च महिन्याच्या भाड्याच्या हिशेबात लिहिलेत.

२४ फेब्रुवारी

कामाला लागले. काय काय हवं त्याची यादी केली, ती १७ मुद्द्यांची झाली. बजेट टाकून जाहिराती चाळल्या तर १४० निघाल्या. रात्री एकपर्यंत त्यातल्या साठेक बघितल्या. फोटो बघून 'बरं', 'नको' अशा खुणा करत गेले. कोणत्या घराला काय म्हणून खूण केली, ते सकाळी आठवेना.

२६ फेब्रुवारी

तीन संध्याकाळी वाया गेल्यावर यादी फाडली. अशा तीनच गोष्टी ठेवल्या, ज्यांच्याशिवाय घर घ्यायचंच नाही. तळमजला किंवा चालू लिफ्ट. ऑफिसला दारापासून दारापर्यंत ४५ मिनिटं. आणि नळाला नीट पाणी. बाल्कनी, उजेड, कपाटं हे मिळालं तर उत्तम. १४० च्या ३१ उरल्या. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

२७ फेब्रुवारी

ऑफिसपासून किती लांबचं चालेल ते ठरवायला काल रात्री दहा वाजता गूगल मॅप्स उघडलं होतं. एका घरापासून २२ मिनिटं दाखवली, मी खूश. आज सोमवार निवडून 'सकाळी साडेनऊला पोहोचायचं' असं टाकून तोच रस्ता बघितला : ७० मिनिटं. रात्री दहाच्या रिकाम्या रस्त्यावर केलेला हिशेब कामाचा नाही. निघायच्या नव्हे, पोहोचायच्या वेळेने बघा, आणि संध्याकाळचा परतीचा रस्ता वेगळा बघा. दोन्हींत १५-२० मिनिटांचा फरक सहज पडतो.

नकाशावर हद्द म्हणून गोल वर्तुळ काढलं होतं, तेही चुकलं. वर्तुळातली चार घरं नदीपलीकडची निघाली. सरळ रेषेत दोन किलोमीटर, पण पूल वळसा घालून. ती काढली, सकाळच्या गर्दीच्या हिशेबात ४५ मिनिटांपुढे जाणारीही काढली. ३१ ची उरली १२.

एका घराच्या शेजारी स्ट्रीट व्ह्यूमध्ये (गूगल नकाशातली रस्त्यावरून काढलेली चित्रं) मोकळा प्लॉट दिसत होता, झाडंझुडपं, छान वाटलं. मग चित्राची तारीख बघितली तर ते पाच वर्षांपूर्वीचं. अलीकडचं चित्र निवडलं तर त्याच जागी पत्रे ठोकलेले आणि खणायचं यंत्र उभं. म्हणजे पुढची दोन-तीन वर्षं खिडकीखाली बांधकाम. तारीख बघितल्याशिवाय ते चित्र खरं मानू नका.

२ मार्च

आजची नोंद लिहायला जड जातंय, पण हीच सगळ्यात कामाची आहे.

तळमजला, ऑफिसपासून ३० मिनिटं, आणि भाडं आसपासच्या घरांपेक्षा एक चतुर्थांशाने कमी. मालक म्हणाले की ते परदेशी आहेत, घर दाखवायला कुणी नाही, अनामत भरली की किल्ली कुरिअरने पाठवतील. बोलणं अतिशय गोड. आईच्या गुडघ्यांची चौकशीसुद्धा केली. मी त्यांना ओळखपत्राची प्रत पाठवून मोकळी झाले. पैसे भरायला बसले तेव्हा आई म्हणाली, "अगं, किल्ली कुरिअरने पाठवणारा माणूस कुलूप कुठलं आहे ते तरी दाखवेल ना?"

त्या एका प्रश्नाने थांबले. दिवाणखान्याचा फोटो गूगल लेन्समध्ये टाकला, तोच फोटो आणखी कुठे आहे ते ते शोधून देतं. तोच फोटो, तोच सोफा, तीच कुंडी, भलत्याच शहरातल्या दोन वर्षांपूर्वीच्या जाहिरातीत. थेट व्हिडिओवर घर दाखवा म्हटलं तर त्यांनी बोलणंच बंद केलं.

पैसे वाचले, ओळखपत्राची स्वच्छ प्रत मात्र त्यांच्याकडे गेली ती गेलीच. त्या दिवसापासून कुठलीही प्रत पाठवताना मधोमध आडवं लिहिते : 'फक्त अमुक पत्त्याच्या भाडेकरारासाठी', आणि खाली तारीख. आणखी एक नुकसान झालं. या माणसाच्या नादात चार दिवस दुसऱ्या कुणालाच फोन केला नव्हता. १२ पैकी तीन चांगली घरं तोवर गेली.

५ मार्च

एका एजंटला 'घरं दाखवण्याची फी' म्हणून महिन्याच्या भाड्याच्या १० टक्के आगाऊ दिले. त्याने सहा घरांचे व्हिडिओ पाठवले, सगळे आधीच काढून ठेवलेले. त्यातली दोन घरं महिन्यापूर्वीच गेली होती. फी परत मिळणार नाही म्हणाला, आणि तसं बोलणं आधी झालेलंच नव्हतं. कशाचे पैसे, किती घरांचे, केव्हा परत, हे मेसेजमध्ये लिहून घेतल्याशिवाय मी पैसे दिले, ही चूक माझी.

९ मार्च

आज फोटोंशी झगडले. जाहिरातीतले फोटो रुंद कोनाच्या लेन्सने कोपऱ्यात उभं राहून काढलेले असतात, त्यात खोली पसरट आणि लांब दिसते. लिहिलेल्या क्षेत्रफळावरही जाऊ नका. कुणी भिंती धरतं, कुणी बाल्कनी धरतं, कुणी जिन्यातला वाटासुद्धा धरतं. खोलीची आतली मापंच मागायची. पण मापं मागितली की "मोठी आहे हो, डबल बेड आरामात बसतो" एवढंच उत्तर येतं.

म्हणून फरश्या मोजायला लागले. झोपायच्या खोलीत एका बाजूला सात फरश्या. फरशी ६० सेंटिमीटरची धरली, ४.२ मीटर झाले. कागदावर आराखडा काढून आईचा पलंग, कपाट, औषधांचं टेबल सगळं बसवलं. रात्री शंका आली म्हणून मालकांना एका फरशीला टेप लावून फोटो पाठवायला सांगितलं. फरशी ४० सेंटिमीटरची. खोली २.८ मीटर. टेबल तर नाहीच, कपाटाचं दारही पुरतं उघडलं नसतं.

टेप प्रत्येकाच्या हाताशी नसते. त्यावर तोडगा सापडला तो साध्या ए-फोर कागदाचा. त्याचं माप ठरलेलं, २१ बाय २९.७ सेंटिमीटर. तो फरशीवर कडेला कड लावून ठेवायचा आणि वरून सरळ फोटो काढायचा. दोन कागद लांबीने जोडून ठेवले तर ५९.४ होतात, म्हणजे ६० च्या फरशीवर ते जवळजवळ पुरे बसतात. ४० च्या फरशीवर एकाच कागदाची लांबी पाऊण फरशी व्यापते. कागद घरात असतोच, कुणी नाही म्हणत नाही. यानंतर प्रत्येक घराचं माप असंच काढलं.

आज माझी पद्धतच बदलली. इतके दिवस मी घर 'बघायचा' प्रयत्न करत होते, आणि दुरून तेवढंच दिसतं जेवढं समोरचा दाखवतो. मोजता मात्र येतं.

१२ मार्च

थेट व्हिडिओ कॉल, दोन घरं. आधीचे कॉल मालक फिरवतील तसे बघितले होते, त्यामुळे दर वेळी दिवाणखाना दहा मिनिटं आणि न्हाणीघर दहा सेकंद. या वेळी क्रम मी सांगितला. कॉल रस्त्यावरून सुरू करायचा. इमारतीची पाटी, फाटक, लिफ्ट, दारावरचा क्रमांक, मग आत. मध्ये कॅमेरा बंद करायचा नाही. पत्ता आणि घर एकच आहे हे त्यातून कळतं.

मग न्हाणीघरात १० लिटरची बादली नळाखाली, आणि माझ्याकडे घड्याळ. पहिल्या घरात ती भरायला ९५ सेकंद लागले. तेवढ्यात स्वयंपाकघरातला नळ सोडायला सांगितला, तर न्हाणीघरातली धार करंगळीएवढी झाली. मालक म्हणाले, आज टाकी कमी भरली आहे. असेलही. परवा पुन्हा मोजू का विचारलं, तेव्हा उत्तर आलं नाही. दुसऱ्या घरात ७० सेकंद, दोन्ही नळ सोडूनही धार टिकली.

पहिल्या घरात आतल्या खोलीत गेल्यावर कॉल तीनदा तुटला. मी वैतागले, त्यांना बाहेरच्या खोलीत यायला सांगून पुढचं बघितलं. झोपताना लक्षात आलं की आतल्या खोलीत फोन लागत नाही, ही केवढी महत्त्वाची माहिती मला आपसूक मिळाली होती. मी ऑफिसात असताना आई त्याच खोलीत असणार.

१५ मार्च

दुसरं घर जवळजवळ पक्कं केलं होतं. टोकन पाठवायच्या आधी कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन यावं असं फार वाटत होतं. मावसभावाच्या वर्गमित्राचा धाकटा भाऊ त्या शहरात शिकतो असं कळलं. त्याला विचारलं. प्रवासखर्च आणि वेळेचे पैसे घ्यायचे, या अटीवरच विचारलं. तो आधी नको म्हणाला. पण फुकटच्या कामात माणूस संकोचाने 'छान आहे' म्हणून येतो. त्याने मला वाईट तेही सांगावं एवढ्यासाठी पैसे द्यायचे होते. दोन फेऱ्यांचे भाड्याच्या ५ टक्के ठरले. काल रात्री नऊला एकदा आणि आज रविवारी सकाळी एकदा.

त्याला कागदावर प्रश्न लिहून दिले. 'घर कसं वाटलं' हा प्रश्न त्यात मुद्दाम ठेवला नाही. फाटकापासून दारापर्यंत किती पायऱ्या? जिन्यात दिवा लागतो का? न्हाणीघरात ओलसर वास येतो का? खिडकी उघडून पाच मिनिटं उभं राहिल्यावर कसले आवाज येतात? शेजारच्या एका घराची बेल वाजवून पाणी किती वाजता येतं ते विचार.

फोन आला. "ताई, लिफ्ट चालू आहे. पण लिफ्टपर्यंत जायला सात पायऱ्या आहेत, कठडा नाही. आणि वर लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबते, तिथून दारापर्यंत पुन्हा नऊ."

सोळा पायऱ्या. मालक खोटं बोलले नव्हते. लिफ्ट आहे का, एवढंच मी विचारलं होतं, आणि लिफ्ट होती. व्हिडिओतसुद्धा ते पायऱ्या चढले होते. फोन हातात हलत होता आणि माझं लक्ष पाटीवर होतं. पक्कं केलेलं घर गेलं म्हणून त्या रात्री रडू आलं. आईच मला समजावत बसली.

१७ मार्च

त्याच मुलाने परतताना दोन इमारती पलीकडे फाटकावर टांगलेल्या पुठ्ठ्याचा फोटो काढून आणला होता : घर भाड्याने देणे आहे, तळमजला. ऑनलाइन ही जाहिरात कुठेच नव्हती. तीन आठवडे मी जे शोधत होते ते पुठ्ठ्यावर लिहिलेलं होतं. यापुढे कुणालाही पाठवलं तर एक घर बघून परत ये म्हणणार नाही. अर्धा तास आसपासच्या गल्ल्या फिर, फाटकांवरच्या पाट्यांचे फोटो काढ, हेही सांगेन.

मालकीणबाईंशी बोलले. वयस्कर आहेत, वरच्या मजल्यावर राहतात. फोनवर माझ्याइतकेच प्रश्न त्यांनीही विचारले, आणि ते मला आवडलं. ए-फोर कागदाचा फोटो त्यांनी नातवाकडून काढून घेतला. फरशी ६० ची, झोपायची खोली ३.६ बाय ३ मीटर. बादली ५२ सेकंदांत.

२१ मार्च

'भरपूर ऊन येतं' असं प्रत्येक जण म्हणतो. कुठल्या खिडकीत, किती वाजता, हे कुणी सांगत नाही. सुदैवाने तारीख सोयीची होती. २०-२१ मार्चच्या सुमारास जगात जवळपास सगळीकडे सूर्य ऐन पूर्वेला उगवतो आणि ऐन पश्चिमेला मावळतो. त्यामुळे त्या दिवशीची कोवळी किरणं ज्या खिडकीतून सरळ आत येतात ती पूर्वेची, होकायंत्राची गरज नाही. (फोनमधलं होकायंत्र भिंतीतल्या लोखंडाजवळ भरकटतं.) मालकीणबाईंचा नातू लवकर उठतो, त्याने सकाळी कॉल लावला. स्वयंपाकघर पूर्वेला. पण ऊन सूर्योदयानंतर ५० मिनिटांनी आलं, समोर चार मजली इमारत आहे. आईच्या खोलीची खिडकी उत्तरेला, तिथे सरळ ऊन नाही. हे कळून घेतलं एवढंच, त्यापायी घर नाकारलं नाही.

मुलाला पुन्हा दोनदा पाठवलं, आणखी ५ टक्के. फाटकापासून दारापर्यंत एक पायरी, १४ सेंटिमीटर उंचीची. त्याने पट्टी लावून मोजली.

२४ मार्च

पैशांचं बोलणं. त्यांना दोन महिन्यांची अनामत आणि पहिलं भाडं आधी हवं होतं. मला घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय एवढं पाठवायचं नव्हतं. दोन दिवस तिढा पडला होता. शेवटी ठरलं ते असं : चतुर्थांश महिन्याचं टोकन आत्ता, त्याबदल्यात १ एप्रिलपर्यंत घर माझ्यासाठी राखून ठेवायचं. बाकी सगळं घर बघून, करारावर सह्या झाल्यावर, किल्ली हातात घेताना. मापं, पाणी, पायऱ्या, दुरुस्त्या यांची यादी मेसेजमध्ये लिहिली, आणि यात फरक निघाला तर टोकन परत, हे वाक्य त्यांच्याकडून 'मान्य' असं उत्तर येईपर्यंत पैसे पाठवले नाहीत. आधी त्यांचं वीजबिल मागितलं. त्यावरचं नाव, पत्ता, ओळखपत्र आणि बँक खात्याचं नाव, चारही जुळले.

कराराचा मसुदा आधी मागवून वाचला ते बरं झालं. नोटिशीचा कालावधी माझ्याकडून दोन महिने आणि त्यांच्याकडून एक असा होता. दोन्हीकडून दोन करून घेतला. घर सोडताना रंगाचे पैसे अनामतीतून कापायचं कलम होतं, त्यात रक्कम नव्हती. रक्कम लिहून घेतली.

२८ मार्च

सामानाची गाडी २९ ला निघायची ठरवून टाकली होती, करार व्हायच्या आधी. तेव्हा भाडं स्वस्त पडत होतं म्हणून. तारीख पुढे ढकलता आली नाही.

३० मार्च

पोहोचले. घरापासून चालत अंतरावर पाच रात्रींसाठी खोली घेतली, खर्च भाड्याच्या २० टक्के. आई मागून मावसभावाबरोबर येणार.

घर मोजलं होतं तसंच आहे. पण आईच्या खोलीत एकच भिंत ताज्या रंगाची. हात लावला तर गार, आणि खाली फरशीलगत रंगातून पांढरी पूड बोटाला आली. लोणा, म्हणजे ओल आलेल्या भिंतीतून बाहेर पडणारा क्षार. व्हिडिओत ही भिंत सगळ्यात स्वच्छ दिसली होती. एकट्या भिंतीला नवा रंग दिसला की का दिला ते विचारावं. मुलाच्या कागदावर 'भिंतींना हात लावून बघ' हे लिहायचं राहिलं होतं.

मालकीणबाईंनी लपवलं नाही, त्यांच्याच न्हाणीघराचा पाइप गळत होता, रंग दिला म्हणजे भागेल असं रंगाऱ्याने त्यांना सांगितलं होतं. पाइप बदलूनच राहायला येईन म्हटलं. त्या कबूल झाल्या, भाडंही ४ एप्रिलपासून धरलं. तोवर गाडी आली. सामान तीन दिवस गोदामात ठेवायला भाड्याच्या ८ टक्के गेले.

४ एप्रिल

सह्या, किल्ली. मालकीणबाईंसमोर पूर्ण घराचा व्हिडिओ काढला. प्रत्येक भिंत, नळ, दाराची कडी, खिडकीची तडकलेली काच, वीजमीटरचा आकडा. त्यांनाही पाठवला.

५ एप्रिल

पहाटे सव्वापाचला आई जागी झाली. तिच्या भिंतीपलीकडे टाकीची मोटार आहे. २० मिनिटं भिंत गुणगुणत राहते. मुलगा रात्री गेला, सकाळी नऊला गेला, मी दुपारी आणि संध्याकाळी गेले. पहाटे कुणीच गेलं नाही. मोटार कुठे आहे आणि किती वाजता लागते, हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता.

तात्पुरतं आईचा पलंग दिवाणखान्यात.

१४ एप्रिल

हिशेब. पाण्यात गेलेले : एजंटचे १० टक्के. टाळता आला असता असा : गोदामाचे ८. मुलाचे १० आणि खोलीचे २० खर्च झाले, पण ते मी पुन्हाही करेन. सगळे मिळून महिन्याच्या भाड्याच्या जवळजवळ निम्मे. पहिल्याच आठवड्यात चार दिवस स्वतः जाऊन आले असते तर बरं झालं असतं, असं भाऊ म्हणतो. मला तसं वाटत नाही. तेव्हा काय विचारायचं हेच मला माहीत नव्हतं. लिफ्ट बघून मी ते सोळा पायऱ्यांचं घर आनंदाने घेतलं असतं. जायचं ते यादी पक्की झाल्यावर.

टेप घेऊन खोली परत मोजली : ३.५८ बाय ३.०१. बादली आज ५५ सेकंदांत भरली. ऑफिस ४८ मिनिटं, ठरवल्यापेक्षा तीन जास्त, कारण चौकात रस्ता ओलांडायला लागणारा वेळ मी धरला नव्हता.

मोटारीखाली जाड रबराचे तुकडे बसवले की भिंतीत उतरणारा आवाज कमी होतो असं प्लंबर म्हणाला. मालकीणबाई अर्धा खर्च देतायत. तो गुरुवारी येणार आहे. तोवर पलंग दिवाणखान्यातच.